पायाखाली अमेरिका नाही

अमेरिका म्हणजे पाताळ, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. इथे सकाळचा चहा उकळत असतो तेव्हा न्यूयॉर्ककडची मंडळी रात्रीचं जेवण आटोपत असतात. इथे ऊन, तिथे चांदणं. तेव्हा ती माणसं बरोबर आपल्या पायाखालीच असणार, असं मनात पक्कं बसतं. जमिनीत सरळ भोक पाडत गेलं तर आपण अमेरिकेत निघू, हे लहानपणी ज्यानं ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा.

या समजुतीत अर्धं तथ्य आहे, आणि ते अर्धं नेमकं कोणतं हे समजून घेण्यासारखं आहे. पुण्याचं रेखावृत्त पृथ्वीला वळसा घालून पलीकडे गेलं की सुमारे १०६ अंश पश्चिम रेखांशावर येतं. हे रेखावृत्त खरोखरच अमेरिकेतून जातं, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहराच्या अगदी जवळून. म्हणजे दिवस-रात्रीचा हिशेब बरोबर. पण अल्बुकर्की विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे, आणि पुणेही उत्तरेलाच. दोघंही एकाच गोलार्धात, मग एकमेकांच्या पायाखाली कशी असतील? पुण्याच्या खरोखर विरुद्ध असलेला बिंदू अल्बुकर्कीपासून दक्षिणेला आणखी सहा हजार किलोमीटरवर आहे. घड्याळ आपल्याला फक्त पूर्व-पश्चिमेचं सांगतं, उत्तर-दक्षिणेचं ते काही सांगत नाही. गफलत होते ती इथे.

तो बिंदू शोधायला ना उपग्रह लागतो ना मोठं गणित. चौथी-पाचवीतली वजाबाकी पुरते. पुण्याचे अक्षांश १८ अंश ३१ मिनिटं उत्तर, रेखांश ७३ अंश ५१ मिनिटं पूर्व. अक्षांशाचा आकडा तसाच ठेवायचा, उत्तरेच्या जागी दक्षिण लिहायचं. झालं १८ अंश ३१ मिनिटं दक्षिण. रेखांश मात्र १८० अंशांतून वजा करायचे आणि पूर्वेच्या जागी पश्चिम लिहायचं. एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून १८० ला १७९ अंश ६० मिनिटं असं मोडून घ्यायचं. १७९ मधून ७३ गेले, उरले १०६. ६० मधून ५१ गेली, उरली ९. उत्तर आलं १०६ अंश ९ मिनिटं पश्चिम.

अक्षांशाला एक नियम आणि रेखांशाला दुसरा, असं का? अक्षांश विषुववृत्तापासून मोजतात, आणि विषुववृत्त पृथ्वीला बरोबर मधोमध छेदतं. पृथ्वीच्या केंद्रातून आरपार गेलेली रेषा वर जेवढी असेल तेवढीच खाली जाणार. रेखांश मात्र ग्रीनिचपासून दोन्ही बाजूंना मोजत जातात आणि पूर्ण वळसा ३६० अंशांचा होतो. पलीकडची बाजू गाठायला त्यातला अर्धा, म्हणजे १८० अंश चालावं लागतं. पुण्याहून पूर्वेला १८० अंश चालायला लागलो तर १०६ अंश ९ मिनिटं चालल्यावर १८० चं रेखावृत्त लागतं, आणि उरलेलं अंतर पश्चिम रेखांशांच्या हद्दीत पडतं.

दोन चुका बहुतेकांकडून होतात. एक म्हणजे ७३ पूर्वेचं नुसतं ७३ पश्चिम करणं. तसं केलं तर आपण पेरूच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या समुद्रात जाऊन पडतो. दुसरी म्हणजे रेखांश नीट वजा करून अक्षांश बदलायला विसरणं. मग मेक्सिकोचा पश्चिम किनारा जवळ येतो. अमेरिका म्हणजे पाताळ ही समजूत ही दुसरी चूकच आहे, शतकभर जपलेली.

मोबाइलवर काम आणखी सोपं होतं. नकाशावर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात: पुण्यासाठी १८.५२ आणि ७३.८६. पहिल्याला उणे चिन्ह द्यायचं, दुसऱ्यातून १८० वजा करायचे. उणे १८.५२, उणे १०६.१४. हे आकडे शोधपट्टीत टाकले की पडदा सगळा निळा होतो. नकाशा कितीही लहान करत गेलं तरी बराच वेळ निळाच राहतो.

कारण तिथे पॅसिफिक महासागर आहे. जवळात जवळची जमीन सुमारे ९०० किलोमीटरवर, आणि तीही साला इ गोमेझ नावाचं चिलीच्या ताब्यातलं एक खडकाळ बेट. त्याचं क्षेत्रफळ पंधरा-सोळा हेक्टर, माणूस एकही नाही, वस्ती समुद्रपक्ष्यांची. माणसं भेटायची असतील तर तिथून आणखी चारशे किलोमीटर पश्चिमेला ईस्टर बेट गाठावं लागतं. दगडी मोआई पुतळ्यांसाठी जगाला माहीत असलेलं ते बेट.

मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, पणजी यांतलं कोणतंही शहर घ्या, उत्तर हेच: पाणी. महाराष्ट्र आणि गोवा अख्खेच्या अख्खे पलीकडच्या समुद्रावर पडतात, आणि त्या पट्ट्यात बोटाच्या पेराएवढंही बेट नाही. पण तिथल्या समुद्रतळाकडे आपण जरूर पाहावं. पुण्याच्या विरुद्ध बिंदूपासून पश्चिमेला सात-आठशे किलोमीटरवर ईस्ट पॅसिफिक राइज ही समुद्राखालची डोंगररांग आहे. तिथे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात आणि मधल्या भेगेतून वर आलेला लाव्हा थिजून नवा तळ तयार होतो. त्या भागात ही फारकत वर्षाला सुमारे १५ सेंटीमीटरच्या वेगानं होते. पृथ्वीवर इतक्या झपाट्यानं समुद्रतळ इतरत्र फारसा कुठे वाढत नाही. म्हणजे आपण उभे आहोत तो दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, आणि आपल्या पायांच्या पार पलीकडचा बेसाल्ट त्यामानानं कालपरवाचा. दगडाची जात एकच, वय मात्र फार वेगळं.

मग भारतातल्या कोणत्याच जागेच्या विरुद्ध जमीन नाही का? आहे, आणि हा तपशील मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. ईस्टर बेटाचे आकडे उलटे करून पाहा: २७.१२ दक्षिण, १०९.३५ पश्चिम. उत्तर येतं २७.१२ उत्तर, ७०.६५ पूर्व. ही जागा राजस्थानात, जैसलमेर शहराच्या वायव्येला पस्तीसेक किलोमीटरवर, थरच्या वाळवंटात आहे. आणि साला इ गोमेझ? २६.४७ दक्षिण, १०५.३६ पश्चिम उलटं केलं की आपण थेट अजमेर शहरापाशी पोचतो. आपल्या एवढ्या मोठ्या देशाच्या पलीकडे पाण्याबाहेर डोकं काढणाऱ्या जागा या दोनच, आणि दोन्ही राजस्थानच्या वाट्याला आल्या आहेत. कोरड्या वाळवंटाच्या पलीकडे जगातल्या सर्वांत एकाकी वसतिस्थानांपैकी एक असलेलं बेट असावं, याला भूगोलाचा निव्वळ योगायोग म्हणायचं, पण तो लक्षात राहतो.

जमिनीसमोर जमीन येणं मुळातच दुर्मीळ आहे. पृथ्वीचा ७१ टक्के भाग पाण्याखाली. खंड पृष्ठभागावर वाटेल तसे विखुरलेले असते, तर साधारण २९ टक्के जमिनीच्या पलीकडे जमीन यायला हवी होती. प्रत्यक्षात ती १५ टक्क्यांच्या आसपासच येते. कारण खंड विखुरलेले नाहीत, एका बाजूला गर्दी करून बसले आहेत. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, भारत, जवळजवळ सगळा उत्तर अमेरिका खंड, या सगळ्यांसमोर बहुतेक पाणीच आहे. दोन ध्रुवांचं उदाहरण तर डोळ्यांत भरणारं: उत्तरेला आर्क्टिक महासागर, दक्षिणेला अंटार्क्टिका खंड, आणि दोघांचं क्षेत्रफळ प्रत्येकी सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसालाही आपलं गाव पायाखाली आहे असं वाटत असेल, पण न्यू जर्सीच्या बरोबर विरुद्ध हिंदी महासागर आहे, ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्येला.

जिथे जमिनीसमोर जमीन येते तिथे मात्र जोड्या सुरेख जमल्या आहेत. स्पेनच्या समोर न्यूझीलंड. स्पेनमधलं कॉर्दोबा आणि न्यूझीलंडमधलं हॅमिल्टन एकमेकांपासून जवळपास तंतोतंत उलटे आहेत. कोलंबियातल्या नेइवासमोर इंडोनेशियातलं पालेंबांग, इक्वेडोरमधल्या एस्मेराल्दाससमोर सुमात्राचं पादांग. हवाईच्या होनोलुलूसमोर बोत्स्वानाचा कोरडा प्रदेश. २०२० मध्ये ऑकलंडच्या एका विद्यार्थ्यानं आणि स्पेनमधल्या एका अनोळखी माणसानं ठरवून एकाच वेळी आपापल्या जागी जमिनीवर पावाचा एकेक तुकडा ठेवला होता, मधे अख्खी पृथ्वी. आकडे नीट जुळवायला त्यांना बरीच खटपट करावी लागली. पुणेकराला ती हौस करायची तर आधी जहाज भाड्यानं घ्यावं लागेल.

पलीकडच्या माणसाचा प्रश्न युरोपात फार काळ धर्माचा झाला होता. पाचव्या शतकात सेंट ऑगस्टीननं आपल्या ‘सिटी ऑफ गॉड’ या ग्रंथात तिकडे माणसं राहत असतील ही कल्पनाच नाकारली. साधारण त्याच शतकाच्या अखेरीस, ४९९ मध्ये, आर्यभट आपल्या ग्रंथात काय सांगतात ते पाहावं. कदंबाच्या गोल फुलाला जसे चहूबाजूंनी केसर असतात तसे पृथ्वीच्या गोळ्यावर चहूबाजूंनी जीव आहेत, असं ते म्हणतात. पुढे विषुववृत्तावर नव्वद-नव्वद अंशांवर चार ठिकाणं कल्पून सांगतात की, लंकेत सूर्य उगवतो तेव्हा सिद्धपुरात तो मावळत असतो, यमकोटीत मध्यान्ह असते आणि रोमकात मध्यरात्र. ही लंका म्हणजे आजची श्रीलंका नव्हे, तर उज्जैनचं रेखावृत्त विषुववृत्ताला जिथे छेदतं तो गणिती बिंदू. सिद्धपूर म्हणजे त्याचा बरोबर विरुद्ध बिंदू. आजच्या आकड्यांत मांडलं तर ते गालापागोस बेटांच्या पश्चिमेला भर समुद्रात येतं. तिथे नगर नाही, पण सूर्याचा हिशेब अचूक आहे.

भास्कराचार्य त्यापुढे गेले. ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ११५० मधल्या ग्रंथाच्या गोलाध्यायात त्यांनी, पलीकडची माणसं खाली का पडत नाहीत, या शंकेला सरळ उत्तर दिलं आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: जो जिथे उभा असतो तो पृथ्वी आपल्या खाली आणि आपण तिच्या वर, असंच मानतो. पाव वळशावरची माणसं एकमेकांना आडवी वाटतील, अर्ध्या वळशावरची पाण्याकाठच्या प्रतिबिंबासारखी डोकं खाली केलेली वाटतील, पण ती तिथे आपण इथे राहतो तितक्याच निर्धास्तपणे राहतात. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. म्हणजे हा विचार खानदेशात आठशे वर्षांपूर्वी रीतसर शिकवला जात होता. पुढे आपण तो विसरलो आणि पाताळ तेवढं लक्षात ठेवलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता ते भोक. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर. माणसानं आजवर खणलेलं सर्वांत खोल उभं भोक रशियाच्या कोला द्वीपकल्पातलं, १९८९ मध्ये ते १२,२६२ मीटरपर्यंत पोचलं आणि १८० अंश सेल्सिअसच्या उष्णतेनं काम थांबवावं लागलं. व्यासाचा हजारावा भागही झाला नाही. पण समजा खणता आलं, तरी एक अडचण उरतेच. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला ओळंबा सोडतो. तो ओळंबा पृथ्वीच्या केंद्राकडे रोखलेला असतो असं आपण धरून चालतो. तसं तो फक्त विषुववृत्तावर आणि ध्रुवांवर असतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ती मधे किंचित फुगलेली आहे, आणि ओळंबा किंचित कललेला राहतो. पुण्यात सोडलेल्या ओळंब्याची रेषा खाली वाढवत नेली तर ती केंद्राला सुमारे १३ किलोमीटरनं चुकते. त्या रेषेनं खणत गेलो तर आपण विरुद्ध बिंदूपासून पंचवीसेक किलोमीटर बाजूला बाहेर पडू. वजाबाकी करून काढलेला बिंदू मात्र केंद्रातून जाणाऱ्या रेषेवरचाच असतो, म्हणून तोच खरा.

पृष्ठभागावरून गेलं तर विरुद्ध बिंदूपर्यंतचं अंतर सुमारे २०,००० किलोमीटर. इतका गोल आकडा कसा आला? फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७९० च्या दशकात मीटर ठरवला तोच मुळी ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. पृथ्वीचा पाव वळसा १०,००० किलोमीटर, अर्धा २०,०००. यापेक्षा दूरची जागा पृथ्वीवर असू शकत नाही, आणि तिथे जायला कोणत्याही दिशेनं निघालं तरी अंतर जवळपास तेवढंच पडतं. संत्र्याच्या फोडी जशा देठाकडून निघून पार खालच्या टोकाला पुन्हा एकत्र येतात, तसे पुण्याहून निघालेले सगळे सरळ रस्ते त्या एका बिंदूत येऊन मिळतात.

म्हणूनच लाटा तिथे जमतात. १५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळच्या ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा हवेच्या दाबाची लाट वर्तुळासारखी जगभर पसरली. पाव वळशापर्यंत ते वर्तुळ मोठं होत गेलं, त्यापुढे लहान होत गेलं, आणि सतरा-अठरा तासांनी टोंगाच्या विरुद्ध बाजूला, दक्षिण अल्जीरियातल्या सहारावर, येऊन मिटलं. तिथून पुन्हा पसरत ते परत निघालं. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीच्या स्फोटाच्या वेळीही हेच घडलं होतं. त्याचा विरुद्ध बिंदू कोलंबियात, बोगोटाच्या बाजूला, आणि जगातल्या वायुदाबमापकांवर त्या लाटेच्या खुणा पुढचे पाच दिवस उमटत राहिल्या. समुद्रातही हे करून पाहिलेलं आहे. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली स्फोटकं उडवली. पर्थच्या जवळपास विरुद्ध अटलांटिकमधलं बर्म्युडा बेट आहे. सुमारे पावणेचार तासांनी तो आवाज तिथल्या पाण्याखालच्या ध्वनिग्राहकांनी टिपला.

लाटा अशा एकवटण्याचं उदाहरण पृथ्वीबाहेरही दाखवलं जातं. बुध ग्रहावर कॅलोरिस नावाचं सुमारे १,५५० किलोमीटर रुंदीचं आघातविवर आहे. १९७४ मध्ये मरिनर १० यानानं त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूची छायाचित्रं पाठवली, तेव्हा तिथली जमीन चमत्कारिकपणे मोडलेली, टेकड्या-टेकड्यांची दिसली. आघाताचे हादरे पलीकडे एकवटून जमीन उखडली, असं स्पष्टीकरण तेव्हा पुढे आलं. अलीकडे त्यावर इतर मतंही मांडली गेली आहेत. याच धर्तीवर आपल्या दख्खनबद्दलही एक कल्पना पसरली: मेक्सिकोत चिक्शुलुबला लघुग्रह आदळला आणि त्याचे हादरे पलीकडे एकवटून दख्खनचा लाव्हा उसळला. ती ऐकायला आकर्षक आहे, पण आकड्यांपुढे टिकत नाही. त्या काळची खंडांची जागा धरली तर दख्खन चिक्शुलुबच्या विरुद्ध बिंदूपासून हजारो किलोमीटर दूर होता, आणि दख्खनचे उद्रेक आघाताच्या आधीच सुरू झाले होते. विरुद्ध बिंदू काढता आला की अशा कल्पना पारखता येतात, हा त्याचा मोठा उपयोग.

सूर्याच्या बाबतीत मात्र हा बिंदू आपल्याला घरबसल्या अनुभवता येतो. आपलं क्षितिज आणि तिकडचं क्षितिज एकमेकांना समांतर आहेत, त्यामुळे आपल्याकडे सूर्य मावळतो तेव्हा तिथे तो उगवतो. वातावरण प्रकाश वाकवतं आणि सूर्यबिंब थोडं वर उचललेलं दिसतं, म्हणून सुमारे सात मिनिटं सूर्य दोन्हीकडून एकाच वेळी दिसत असतो.

शून्य सावलीचा दिवस आता महाराष्ट्रातल्या शाळांना चांगला माहीत झाला आहे. मे महिन्याच्या मध्याला पुण्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आपल्या विरुद्ध बिंदूचाही असाच शून्य सावली दिवस असतो, आपल्यापेक्षा सहा महिन्यांनी. पुण्यासाठी तो २६-२७ जानेवारीच्या सुमारास आणि नोव्हेंबरच्या मध्याला येतो, नागपूरसाठी १५ जानेवारीच्या आसपास, कोल्हापूरसाठी ३ फेब्रुवारीच्या आसपास. त्या वेळी तिथे भर दुपार आणि आपल्याकडे मध्यरात्र असते. शाळेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, मुलांकडून आपापल्या गावाचा विरुद्ध बिंदू वहीत काढून घ्यावा आणि त्याच्या शून्य सावलीची तारीखही काढून घ्यावी. पुण्याच्या मुलांनी २६ जानेवारीला रात्री जागून पाऊण वाजता जमिनीकडे बोट दाखवलं, तर ते बोट अंशाच्या लहानशा फरकानं सूर्याकडे रोखलेलं असेल.